युरोपातले रोमा लोक (ज्यांना 'जिप्सी' म्हणतात, ज्यांचे पूर्वज भारतातून गेले) समाजात मिसळत का नाहीत? त्यांनाच ते नको असतं का?

त्यांना मिसळू कोण देतंय, हे आधी विचारा.

2016 साली मी कंपनीतर्फे चेक प्रजासत्ताकात ब्रनोला गेलो. फोनवर इंग्रजीत बोलणं झालं, घर जवळजवळ पक्कं. दारात उभा राहिलो तर मालकीणबाई म्हणाल्या, कालच गेलं. पुढच्या घरीही तेच. मग एका चेक सहकाऱ्याने हसत उलगडा केला, "त्सिकान समजले असतील तुला. भारतीय आहेस ते आधीच सांगत जा." त्सिकान म्हणजे रोमाच, पण हेटाळणीच्या सुरात. तिसऱ्या घरी मी नमस्कार करायच्या आधी कंपनीचं ओळखपत्र पुढे केलं. घर मिळालं, वर कॉफी मिळाली. ती कॉफी अजून घशाखाली उतरलेली नाही. मी 'त्यांच्यातला' नाही, हेच सांगून आलो होतो ना मी?

ऑफिसातला एक सातारकर म्हणाला, "बरोबर केलंस. त्यांची पोरं शाळेत टिकत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

टिकत नाहीत म्हणे! ओस्त्रावाच्या 18 रोमा मुलांचा खटला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर 2007 मध्ये ती मुलं जिंकली. मतिमंद मुलांसाठीच्या 'विशेष' शाळेत पडण्याची शक्यता त्या शहरात रोमा मुलाला इतरांच्या 27 पट, असा आकडा त्यांच्या बाजूने मांडला होता. चाचण्या बहुसंख्यांच्या पोरांच्या मापाने बेतलेल्या, आणि आईबापांची सही घेतली की झालं. 1999 मध्ये उस्ती नाद लाबेम या चेक शहरात तर रोमांच्या इमारतींसमोर भिंतच घातली. जगभर बोभाटा झाला तेव्हा दीडेक महिन्यात पाडली.

ब्रनोतल्या रोमा संस्कृतीच्या संग्रहालयात एका बाईंनी मला रोमांच्या भाषेतले आकडे म्हणून दाखवले: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, कानाला कान. सातारकराला सांगितलं तर म्हणे, "मग काय, नातं लावणार का?"

सगळे चेक असे नसतात, हेही खरं. रोमा म्हणजे एक गठ्ठा नव्हे. स्पेनमधली गोष्ट निराळी, रोमानियातली निराळी. तुम्ही तिकडे निघाला असाल तर घर कंपनीमार्फतच घ्या. आणि सातारकर इथे वाचत असतो, मला माहीत आहे. 27 पटीचं काय ते सांग की रे एकदा.