मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढरे पट्टे पडलेत, युरिया टाकू का?

सिल्लोडकडच्या काळ्या रानात मका वीस-बावीस दिवसांचा आहे आणि पट्टे नवीन पानांवर आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग थांबा, हे युरियाचं दुखणं वाटत नाही.

युरियातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन). ते कमी पडलं की पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. तोही टोकाकडून शिरेच्या कडेने इंग्रजी व्हीसारखा आत सरकतो. तुमच्याकडे कोवळ्या पानाच्या बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद फिक्कट पट्टा आहे, शीर आणि कड मात्र हिरवीच. ही जस्ताची, म्हणजे झिंकची कमतरता. मराठवाड्यात हे नेहमीचंच, कारण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) जास्त असतो आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. त्यात डीएपीचा, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या खताचा मारा केला की जस्त आणखी अडतं.

१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना, गाळून, संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नवीन येणारं पान हिरवं निघालं की समजा लागू पडलं. जुने पट्टे काही पुसले जात नाहीत. पुढच्या पेरणीला एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या, स्फुरदाच्या खतात कालवू नका.

पानं जांभळी असती तर स्फुरदाचा संशय घेतला असता, पण रब्बीच्या थंडीत नुसत्या गारठ्यानेही तसं होतं. आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत डोकावून लष्करी अळी बघाच.