तिसरी घंटा : झाडीपट्टीच्या हंगामाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेलो, की भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम लागतो, ज्यांना जमेल त्यांनी एकदा येऊन बघा. त्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यातच जाणार. पत्रं लांबलचक होती, मी ती छाटून घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी ब्रह्मपुरीकडचा निवृत्त मास्तर, दिवसा शाळा आणि रात्री नाटकाची पायपेटी (पायानं भाता मारायची हार्मोनियम), असे बावीस हंगाम काढलेला माणूस. तेव्हा उत्तरंही पायपेटीमागून जेवढं दिसलं तेवढीच.

यंदा कोणकोणती नाटकं आहेत? वेळापत्रक कुठं मिळेल, आणि तिकीट ऑनलाइन काढता येतं का? – एक वाचक, ठाणे

तुम्ही नाट्यगृहाच्या हिशेबानं विचारताय, म्हणून आधी तो हिशेब बाजूला ठेवा. आमच्याकडं कंपनी तारखा लावत नाही, गाव लावतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी, आणि तिची नाटकपेठ म्हणजे वडसा. कागदावर देसाईगंज, पण स्टेशनच्या पाटीपासून म्हातारीच्या तोंडापर्यंत सगळीकडं वडसाच. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं. दसऱ्याच्या आसपास गावोगावची मंडळं जीप करून वडशाला उतरतात आणि बैलजोडी बघावी तशी नाटक बघतात. पहिला प्रश्न, हिरो कोण? दुसरा, कॉमेडी कोण? तिसरा, बाई गाते की नुसती ओठ हलवते? नाटकाचं नाव काय हे विचारायची वेळ बहुतेकदा पैसे मोजून झाल्यावर येते. नावात कुंकू, बहीण, सासू आणि नशीब यांपैकी एक शब्द सापडेलच, त्यामुळं त्यात फारशी चिंता नसते.

तारीख मात्र पक्की. प्रत्येक गावची मंडई ठरलेली असते : या गावची भाऊबीजेला, त्या गावची दुसऱ्या दिवशी. (मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. ही आमची दिवाळीनंतरची जत्रा.) पुढं थंडी पडली की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी जुनी. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा नाटकं चालू राहिली, पण पाहुणा येतो तो पटासाठी आणि थांबतो नाटकासाठी. पटच नाही म्हटल्यावर मंडपाच्या मागच्या रांगा विरळ दिसायला लागल्या. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा आमच्या शेजारच्या गावात एकाच रात्री तीन मंडळांनी तीन नाटकं आणली. तिन्हींचे भोंगे एकमेकांच्या तोंडावर. आमच्या हिरोईनचा नवरा मरत होता आणि पलीकडून हास्यस्फोट ऐकू येत होते.

आणखी एक गोष्ट या हंगामाच्या हातात नाही, ती म्हणजे धान. धान कापून, चुरून घरात आला की लोकांच्या खिशात पैसा आणि रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडपाला जागा. अवकाळी पावसानं शेतातले पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, भिजले, की मंडळवाले पुन्हा वडशाला जातात आणि तोंड पाडून ठरलेला प्रयोग पुढं ढकलून येतात.

तेव्हा करा असं. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसनं गोंदियाला या, तिथून बल्लारशाच्या गाडीनं वडसा. नागपूरहून रस्त्यानं यायचं तर उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आणि वैनगंगा ओलांडली की वडसा. उतरल्यावर चहाच्या टपरीवर बसून समोरच्या भिंती वाचा. पोस्टरवर गाव, तारीख, नटांचे फोटो, सगळं असतं. एक गाव निवडा आणि निघा. तिकीट मंडपाच्या दारात मिळतं. खुर्ची महाग, जमीन स्वस्त. माझं ऐकाल तर जमीन घ्या. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेली असते, तिची ऊब खुर्चीला नाही.

माझ्या वडिलांना नाट्यपदांचं वेड आहे. झाडीपट्टीतलं नाटक संगीत असतं असं वाचलं. त्यांना आणू का? – एक वाचक, पुणे

आणा, पण गाडीत बसण्याआधी त्यांना सांगून ठेवा. यमन आणि भीमपलासीत भिजलेली अर्ध्या तासाची बैठक त्यांना मिळणार नाही. मिळतील ती कथेत पेरलेली आठ-दहा गाणी. त्यातली एक-दोन विरहाची, एक आईवर, एक भक्तीचं, एखादी लावणी. चाली बऱ्याचशा सिनेमाच्या अंगानं जाणाऱ्या. पण वाजवणारे समोर जिवंत बसलेले असतात, हे महत्त्वाचं. गाणं रंगलं की प्रेक्षकांतून शंभराची नोट येते, माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं आणि गाणं पुन्हा. मग दुसऱ्या आळीचा माणूस चिडून दोनशे पाठवतो. गाणं तिसऱ्यांदा.

पायपेटीबद्दल थोडं माझ्या मोहापायी. आता बहुतेक ठिकाणी कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आहेत. त्यांची तक्रार नाही, ते पहाटेपर्यंत सुरात राहतात. माझी पेटी राहत नसे. जानेवारीत रात्री दोननंतर दव उतरायचं आणि काळी चारची पट्टी दाबली की खालीच बसायची. मग उजव्या हातानं वाजवायचं आणि डाव्या हाताच्या नखानं ती पट्टी उचलायची. पायात दोन-दोन लोकरी मोजे, तरी भाता मारता मारता अंगठे बधिर. पण एक काम कॅसिओला तितकंसं जमलेलं मी पाहिलं नाही. आमच्याकडं तालीम नावापुरती असते, नट आज या गावात तर उद्या दोन तालुके पलीकडं. त्यामुळं वाक्यं विसरली जातात आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरलाही कधी डुलकी लागते. बाई मध्येच थांबली, डोळे माझ्याकडं वळले, की मी एक सूर धरायचो आणि भाता हळूहळू भरत तो वाढवत न्यायचो. लोकांना वाटायचं, काय दुःख दाटून आलंय! तेवढ्यात विंगेत कोणीतरी प्रॉम्प्टरला हलवून उठवलेलं असायचं.

लहान मुलांना आणावं का? अश्लील असतं असं कानावर आहे. – एक वाचक, नागपूर

नाटक घरच्या म्हाताऱ्या, सुना आणि लेकरं एका चादरीवर बसून बघतात, यावरून काय ते समजा. विनोदी नट कधी कंबरेखाली घसरतो, नाही असं नाही. पोस्टरवर ‘डान्स हंगामा’ असं असेल तर तो वेगळा कार्यक्रम, तिथं मुलांना नेऊ नका. बाकी पोरं पहिल्या अंकातच तणशीत झोपतात.

मराठी रंगभूमीचा जन्म आमच्या सांगलीत झाला. झाडीपट्टी ही तिचीच एक शाखा मानायची ना? – एक वाचक, सांगली

5 नोव्हेंबर 1843 आणि विष्णुदास भावे यांचं सीतास्वयंवर, याला कोण नाही म्हणेल? आम्ही शाळेत ती तारीख पाठ करून घेतो. पडदे, अंक, नांदी, तिकीट आणि किर्लोस्करांनी 1880 मध्ये शाकुंतलानं घालून दिलेला संगीताचा वळसा, हे सगळं आमच्याकडं तिकडूनच आलं.

शाखा म्हणताना मात्र मी थोडा अडतो. इथं दंडार होती, खडी गंमत होती, ही आमची जुनी लोकनाट्यं. दंडारीत पुरुषच लुगडं नेसून बायका व्हायचे. माझ्या आजानं तारुण्यात अशा भूमिका केल्या. म्हातारपणीही तो खांद्यावरचा शेला सावरताना नकळत पदर सावरायचा, आणि आजी त्याला त्यावरून हिणवायची. रात्रभर न उठता बसायचं, पात्राला बसल्या जागेवरून जाब विचारायचा, ही आमच्या प्रेक्षकाची सवय दंडारीतली आहे. ती कोणत्याही कंपनीनं पेटाऱ्यात घालून आणलेली नव्हती. कलम बांधताना खुंट गावठी आणि डोळा बाहेरचा असतो, तसं माना. आणि भाषेचं म्हणाल तर डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी जे काम केलं ते जरूर मिळवून वाचा. माझी जुनी खंत ही, की एवढी गोड बोली घरात असून आमचा हिरो रंगमंचावर पुणेरी बोलतो आणि झाडीबोली फक्त गड्याच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडी. प्रेक्षक मात्र टाळ्या त्यालाच जास्त देतो. लेखकांना हे का दिसत नाही?

मुलगा मुंबईत नाट्यशिक्षण घेतोय. त्याला झाडीपट्टीत एक हंगाम काम करायचं आहे. पाठवू का? – एक पालक, डोंबिवली

पाठवा. मुंबई-पुण्याचे नट कितीतरी वर्षं इकडं येतात. त्याला तीन गोष्टी सांगा. माइक वरून टांगलेले असतात, त्यांच्या खाली येऊन बोलायचं. तिथून दोन पावलं मागं सरकून केलेला सूक्ष्म अभिनय वैनगंगेत गेला समजा. झोप मिळेल ती गाडीत. आणि प्रयोगाला इथं नाईट म्हणतात : नाईटचा दर बोलून घ्यायचा आणि निम्मे पैसे आधी हातात. मी एका कंपनीकडं चौदा नाईट वाजवल्या. होळी झाली, पुढची दिवाळी झाली, ते पैसे अजून यायचे आहेत. नाव घेत नाही, मालक चांगला माणूस होता, आणि माझीही चूक होती, मी मास्तर असून लिहून घेतलं नाही.

काय शिकशील असं त्यानं विचारलं तर परशुराम खुणे यांच्याबद्दल सांगा. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे, पोटापाण्याला शेती. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटणाऱ्यांत त्यांच्या विनोदावर लहानपणी हसलेले आजोबाही होते आणि त्यांचे नातूही.

रात्री राहायची सोय काय? – एक वाचक, बेंगळुरू

नाटक दहाला लागतं आणि उजाडता उजाडता सुटतं, तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न तसा येत नाही. जेवणाचा येतो. गावात पोचल्यावर मंडळाच्या अध्यक्षाला गाठा आणि बेंगळुरूहून आलो म्हणून सांगा. तो तुम्हाला कोणाच्या तरी घरी नेऊन बसवेल. त्या रात्री प्रत्येक घरात दहा-पंधरा पाहुणे असतात, त्यात तुम्ही अकरावे किंवा सोळावे. नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि घरच्या परसातल्या वांग्यांची भाजी. ‘लाजू नोका जी’ म्हणत वाढत राहतील. घोंगडी किंवा जाड चादर स्वतःची आणा.

सोबत लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असेल तर जपून. एवढे नातेवाईक एका जागी जमतात, त्यामुळं आमच्याकडं निम्म्या सोयरिकी नाटकाच्या पाहुणपणातच जुळतात. माझ्या धाकट्या बहिणीची दुसऱ्या अंकानंतरच्या चहाला ठरली. मी पेटीवर होतो, मला तिसरा अंक संपल्यावर कळलं.