एक्मोच्या भीतीपोटी जमीन विकावी का?

प्रश्न: मुलगी पाच महिन्यांची आहे. तिला टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयदोष आहे, दोन महिन्यांत ऑपरेशन. अंदाजपत्रक साडेचार लाखांचं, खाली पेनने लिहिलंय, ‘एक्मो (हृदयाला तात्पुरता आधार देणारं यंत्र) लागल्यास वेगळे’. तोंडी सांगितलं, आठवड्याचे पाच-सहा लाख. पगार 38 हजार, कंपनीचा मेडिक्लेम 3 लाख, एफडी 1.2 लाख, बायकोचं नऊ तोळे सोनं. वडिलांच्या 30 गुंठ्यांचे शेजारी 12 लाख देतोय, भाव याहून बराच वर आहे, पण आठवड्यात सांगा म्हणतो. विकू का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: नको. तुमची नड त्याला कळलीय, म्हणून तर आठवड्याची मुदत.

साडेचार लाख नक्की लागणार आहेत, एक्मोचे लागतीलच असं नाही. दोन्ही एकाच बेरजेत धरल्यामुळे छाती दडपलीय. मेडिक्लेम आणि एफडी मिळून 4.2 लाख होतातच. त्याही आधी रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाला, गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, कार्डाचा रंग आता आड येत नाही. मंजुरी मात्र ऑपरेशनआधी लागते. हॉस्पिटल योजनेत नसेल तर खारघरच्या सत्य साई संजीवनीत चौकशी करा. तिथे मुलांची हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, बिलाचा काउंटरच नाही. नंबर लागेपर्यंत थांबणं चालेल का, हे कार्डिऑलॉजिस्टच सांगू शकतील.

आता एक्मो. ऑपरेशननंतर हृदय जोर धरेना तर रक्त नळ्यांतून बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून पंपाने परत शरीरात सोडतात. यंत्र आजार बरा करत नाही, हृदयाला सावरायला काही दिवस देतं. टेट्रॉलॉजीच्या बहुतेक मुलांवर ती वेळ येत नाही. आलीच, तर हृदयासाठी एक्मोवर ठेवलेल्या मुलांपैकी साधारण निम्मीच घरी जातात. खर्चही रोज सारखा नसतो. ऑक्सिजनेटर आणि नळ्यांचा संच पहिल्याच दिवशी लागतो, पुढे आयसीयू, रक्त, तपासण्या. पहिल्या दिवसाचे किती आणि नंतर रोजचे किती, हे वेगवेगळं लिहून घ्या.

हे पैसे आज रोख नकोत, पण रात्री दोनला निरोप आला तर सकाळी हाताशी हवेत. सातबाऱ्यावरची जमीन सकाळी पैसे देत नाही. सोन्यावर बँकेत ओव्हरड्राफ्ट मंजूर करून ठेवा, वापराल तेवढ्यावरच व्याज. नऊ तोळ्यांवर चार-पाच लाख सहज मिळावेत. (पत्रात ‘बायकोचं सोनं’ आहे, बायकोचं मत नाही. ते आधी विचारा.) त्यानंतर पीएफ: आजारपणासाठी निघालेली आगाऊ रक्कम परत फेडावी लागत नाही. जमिनीचा विचार त्याच्याही नंतर, आणि तेव्हाही या शेजाऱ्याच्या मुदतीत नाही.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर ‘डॉक्टर, काहीही करा’ म्हणणाऱ्या बापाला मी हिशेब शिकवायला जाणार नाही. म्हणून आत्ताच दोघांनी सर्जनसमोर बसा. एक्मो किती दिवस देऊन बघाल, कोणत्या दिवशी थांबा म्हणाल, हे विचारून घ्या.

आणि उद्याच एचआरला फोन करा. मुलीचं नाव मेडिक्लेममध्ये चढलंय का, जन्मजात हृदयदोष धरलाय का आणि खोलीभाड्याची मर्यादा किती, याचं उत्तर ईमेलवर मागा.