'फूजेर' म्हणजे नेचा, पण नेच्याला वास कुठे असतो?

प्रश्न असा आहे : पुरुषांच्या परफ्यूमच्या वर्णनात 'फूजेर' हा फ्रेंच शब्द वारंवार येतो. कोशात त्याचा अर्थ 'नेचा' असा मिळतो. मग मराठीत 'नेच्याच्या वासाचा परफ्यूम' असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही. शब्दार्थ अगदी बरोबर आहे. लॅटिनमध्ये नेच्याला 'फिलिक्स' म्हणत, त्यावरून 'फिलिकारिया' आणि त्यातून फ्रेंच 'फूजेर'. पण परफ्यूमच्या दुनियेत हा शब्द वनस्पतीकडे बोट दाखवत नाही. तो सुगंधांच्या एका घराण्याचे नाव आहे आणि त्या घराण्याला ते मिळाले एका बाटलीवरून.

ती बाटली ऊबिगाँ या पॅरिसच्या पेढीची. (स्पेलिंगच्या सुरुवातीला 'एच' आणि शेवटी 'टी' आहे, दोन्हींचा उच्चार होत नाही.) झाँ-फ्रांस्वा ऊबिगाँ यांनी 1775 मध्ये फोबूर सँतोनोरे या रस्त्यावर दुकान थाटले. दुकानाची खूण होती फुलांची परडी. ही खूण मला फार बोलकी वाटते, कारण सुगंधाचा व्यापार तेव्हा खरोखरच परडीतल्या मालावर चाले : गुलाब, जाई, संत्र्याची फुले. अत्तराला नावही बहुधा त्या फुलाचेच.

शंभरेक वर्षांनी याच पेढीतल्या पॉल पार्के यांनी ही रीत मोडली. 1882 मध्ये त्यांनी 'फूजेर रोयाल' बाजारात आणला. रोयाल म्हणजे राजेशाही. फ्रेंचमध्ये याच नावाचा एक खराखुरा नेचाही आहे, वनस्पतिशास्त्रात त्याला 'ऑस्मुंडा रेगालिस' म्हणतात. पण पार्के यांच्या बाटलीत नेच्याचा अर्क नव्हता. नेच्याला फूलच येत नाही, आणि अत्तर काढावे असा वास त्या नेच्याला नाही. देवाने नेच्याला वास दिला असता तर तो असा असता, असे पार्के म्हणाल्याचे सांगतात. हे नाव म्हणजे निव्वळ कल्पना होती : सावलीतले, ओलसर, हिरवे रान.

त्या कल्पनेला आधार दिला रसायनशास्त्राने. टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी झाडाच्या बियांत कूमारीन हे द्रव्य असते. कापून वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास येतो ना, तोही त्याचाच. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1868 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. (वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनीन बनवायच्या खटपटीत जांभळा कृत्रिम रंग शोधणारा तोच हा पर्किन.) पार्के यांनी हे कूमारीन लव्हेंडर, बर्गमोट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि ओकमॉस यांच्याशी जुळवले. प्रयोगशाळेतल्या द्रव्याला परफ्यूममध्ये मानाचे स्थान मिळाले ते इथे. सुगंधाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी आहे, असे मी मानतो. परडीत जे मिळते त्याचाच वास द्यायचा, हे बंधन त्या दिवशी संपले. सात वर्षांनी, 1889 मध्ये, गेरलाँ या दुसऱ्या पेढीच्या 'जिकी'ने हीच वाट धरली.

ओकमॉसबद्दल थोडे सांगायलाच हवे. ते ओक वृक्षाच्या सालीवर वाढते. नावात 'मॉस' असले तरी ते शेवाळ नव्हे, दगडफुलासारखी ती बुरशी आणि सूक्ष्म शैवाल यांची एकत्र वाढणारी जोडी आहे. आपल्या गोडा मसाल्यातले दगडफूल तरी कुठे फूल असते! दगडफुलाचा डबा उघडल्यावर जो मातकट, लाकडी वास येतो, तो फूजेरच्या तळाशी असलेल्या वासाच्या बराच जवळ जातो. ओकमॉसमधल्या काही घटकांनी त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, म्हणून आता त्याच्या वापरावर कडक मर्यादा आहेत.

लव्हेंडर, कूमारीन, ओकमॉस ही त्रयी ज्यात असेल ते सारे पुढे 'फूजेर' म्हणवले जाऊ लागले. 'ब्रूट' (1964) आणि 'द्राकार न्वार' (1982) ही त्यातली ठळक नावे. दाढीच्या साबणात आणि आफ्टरशेव्हमध्येही हीच जुळणी इतकी मुरली की सलूनमधला तो ओळखीचा स्वच्छ वास पुष्कळदा फूजेरचाच असतो.

म्हणून माझे मत : हा शब्द मराठीत जसाच्या तसा घ्यावा. 'नेचागंध' दिसायला देखणा आहे, पण वाचणाऱ्याला तो बाटलीत नसलेली वस्तू शोधायला लावतो. 'शिप्र'चेही तसेच आहे. ते सायप्रस बेटाचे फ्रेंच नाव, पण फ्रांस्वा कोटी या परफ्यूमकाराच्या 1917 मधल्या याच नावाच्या परफ्यूमनंतर ते एका सुगंधप्रकाराचे नाव झाले, आणि त्याचे 'सायप्रसी' असे भाषांतर कोणी करत नाही.

लिहिताना 'फूजेर' लिहावे. स्पेलिंग पाहून 'फौगेरे' करू नये. मधला ध्वनी 'मेझर'मधल्या 'झ'च्या जवळचा आहे, त्यामुळे कोणी 'फूझेर' लिहिले तर तेही चुकीचे म्हणता येणार नाही. आणि वाक्यात ते विशेषणासारखे वापरणे सर्वांत सोयीचे : फूजेर सुगंध, फूजेर प्रकारचा परफ्यूम.