कालव्याचं अस्तरीकरण झालं तर माझी विहीर आटेल का?

प्रश्न : आमची विहीर नीरा डाव्या कालव्यालगत आहे. अस्तरीकरणात तळाला-काठांना काँक्रीट झालं की पाझर बंद होईल म्हणतात. विरोध करावा का? – एक शेतकरी भगिनी, बारामती तालुका

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे. हा कालवा १८८५ सालचा. त्याच्या पाझराने भरणाऱ्या विहिरींवर बागायत झाली. अस्तरीकरणाने विहिरीचं पाणी कमी होणार, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरीही डोळ्यांपुढे ठेवा. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात साध्या मातीच्या कालव्यात दर दहा लाख चौरस मीटर ओल्या पृष्ठभागातून सेकंदाला १.८ ते २.५ घनमीटर पाणी मुरतं. अस्तर केलं की ०.६ धरतात. म्हणजे टेलच्या माणसाचं आवर्तन, पाण्याची पाळी, हुकतं, ते बरंचसं या मुरण्यामुळे. शिवाय सततच्या पाझराने काठची काळी जमीन चिबडते, म्हणजे कायम ओली-दलदलीची राहते, वर मीठ फुलतं.

माझं स्पष्ट मत : सरसकट विरोध नको. जिथे भराव गळतो, तिथे अस्तर हवंच. विहिरींच्या पट्ट्यात मात्र तळ मोकळा ठेवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने लेखी करा.

काम सुरू झालं की स्वतः जाऊन बघा. काळ्या मातीवर थेट काँक्रीट ओतू देऊ नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर फोडते. आधी माती काढून चांगला मुरूम भरून दाबावा लागतो. मी उखडलेल्या अस्तराखाली हात घातलाय. मुरमाचा खडाही लागला नाही. पाणी कालव्यातही राहिलं नव्हतं आणि विहिरीतही उतरलं नव्हतं.