पदवीला ४७ टक्के, पण लॉ सीईटीला ९६ पर्सेंटाइल: ठाणे-मुंबईत चांगलं लॉ कॉलेज मिळेल का?

हो, मिळेल. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचा प्रश्न वाचूनच कळतं की तुम्हाला गेले काही दिवस धड झोप लागलेली नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कळव्याला राहता, बी.कॉम.ला ४७.३ टक्के आहेत, तीन विषयांत केटी लागली होती (म्हणजे नापास होऊन ते विषय पुन्हा द्यावे लागले होते), आणि यंदा तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेला, ९६ पर्सेंटाइल पडलेत. मामा म्हणतात, "एवढ्याशा मार्कांवर कोण उभं करणार?" आणि अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो की लॉ स्कूलवाले कॉलेजचे ग्रेड आधी बघतात. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. तुमच्या बाबतीत मात्र दोन्ही लागू नाही.

मामांचं ज्ञान जुनं आहे एवढंच. २०१६ च्या आधी महाराष्ट्रात लॉच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षाच नव्हती. पदवीच्या टक्क्यांवर कॉलेजं यादी लावायची. मी स्वतः त्या पद्धतीचा फटका खाल्लाय. २०१५ च्या पावसाळ्यात मी ऐरोलीहून एका कॉलेजात फॉर्म भरायला गेले होते. बी.कॉम.ला ४६.७ टक्के. त्या वर्षांत बाबांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली होती आणि मी महापेला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होते. सकाळी सातला घरी येऊन नऊच्या लेक्चरला बसणं जमायचं नाही, आणि ज्या पेपरांना बसले त्यात दोनदा केटी लागली. फी म्हणून आईने शंभराच्या नोटा फॉर्मला टाचणीने लावून दिल्या होत्या, वाटेत पडू नयेत म्हणून. खिडकीवरच्या माणसाने मार्कशीट बघितली आणि फॉर्म परत सरकवला. "कशाला पैसे घालवता, यादीत नाव येणार नाही." मी त्या नोटा टाचणीसकट परत आणल्या.

पुढच्या वर्षी सीईटी सुरू झाली आणि मी पहिल्याच बॅचला बसले. पदवीचे मार्क तेच, मार्कशीट तीच, फक्त प्रवेशाचा नियम बदलला होता. मला दुसऱ्या फेरीत कॉलेज मिळालं. आज ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. म्हणून सांगते, पदवीचे मार्क आता उंबरठ्यासारखे आहेत. उंबरठा ओलांडला की आत सहसा कोणी ते पुन्हा मोजत नाही. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, गुणवत्ता यादी सीईटीच्या स्कोअरवर लागते. ८० टक्केवाला आणि ४७ टक्केवाला, दोघांचा सीईटी स्कोअर काय, एवढंच यादी विचारते.

हा उंबरठा बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांतून आलाय: खुल्या वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. आपल्याकडे ओबीसी वगैरे प्रवर्गांना ४२. तुम्ही ४७.३ वर आहात, म्हणजे आत आहात. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचे ४४.८ असतील तर त्यांनी लक्षात ठेवावं, इथे वरच्या आकड्याला पूर्ण करून घेत नाहीत. आणि मार्कशीटवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (ग्रेडची सरासरी) असेल तर मनाने दहाने गुणू नका. टक्क्यांत रूपांतर कसं करायचं ते विद्यापीठ ठरवतं, तसं पत्र घेऊन ठेवा. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, मात्र बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवीला गेलेल्यांना बार कौन्सिलचा नियम आडवा येतो. हे ऐन वेळी कळून रडणारी माणसं मी बघितली आहेत.

आतेभावाचं सांगते. अमेरिकेत लॉ स्कूलला जाताना एलसॅट नावाची परीक्षा असते, १२० ते १८० अशा गुणांची, आणि सोबत कॉलेजचा जीपीए, म्हणजे तिथल्या ग्रेडची सरासरी. तिथली लॉ स्कूलं आपल्या विद्यार्थ्यांचा एलसॅटचा आणि जीपीएचा मध्यांक दरवर्षी जाहीर करतात, त्यामुळे दोन्ही आकडे सांभाळतात. परीक्षेत वर आणि ग्रेडमध्ये खाली असणाऱ्याला तिथे 'स्प्लिटर' म्हणतात. काही कॉलेजं त्याला घेतात, कारण त्याच्यामुळे परीक्षेचा आकडा वर जातो. ग्रेड का घसरले याचं वेगळं निवेदन जोडण्याचीही तिथे पद्धत आहे. आपल्याकडे असं निवेदन कोणी वाचत नाही. मला कधी कधी वाटतं, वाचलं असतं तर बरं झालं असतं. बाबांची बंद कंपनी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पण त्याची दुसरी बाजू अशी की आपल्याला कोणाला काही पटवून द्यावंही लागत नाही.

आता ९६ चा अर्थ. हे शंभरपैकी ९६ गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी ९६ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. समजा ५० हजार मुलं बसली, तर साधारण दोन हजार तुमच्या पुढे. त्यातले सगळे मुंबई-ठाण्याचे नसतात, पण मुंबईतली नावाजलेली कॉलेजं मागणारे त्यांच्यात खूप असतात. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय, १८५५ सालचं, जिथे १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य झाले, ते खुल्या वर्गातून ९६ ला मिळणं अवघड आहे. तरी पहिल्या क्रमांकावर टाका, फॉर्ममधली ती ओळ रिकामी सोडण्यात काही फायदा नाही. त्याखाली के. सी. लॉ कॉलेज, न्यू लॉ कॉलेज, फोर्टचं सिद्धार्थ, आपल्या ठाण्यातलं विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज, कळंबोलीचं केएलई, अशी यादी करता येईल. गेल्या दोन-तीन वर्षांचे कटऑफ ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. तुमच्या प्रवर्गाच्या रकान्यात बोट ठेवून एकेक कॉलेज बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते मामांच्या किंवा माझ्या अंदाजापेक्षा खरं असेल. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे प्रवेश वेगळे चालतात, त्यांची टक्क्यांची अट आणि फी दोन्ही आधी विचारून घ्या. दिल्ली विद्यापीठाचा विचार असेल तर तो सोडा, तिथे खुल्या वर्गाला पदवीत ५० टक्के लागतात.

केटीवाल्यांनी कागदपत्रांकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायचं असतं. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात इंटर्नशिपला येणाऱ्या मुलीचा अर्ज तपासणीतून परत आला. तिने चौथ्या सेमिस्टरची पहिली, नापासाची मार्कशीट चढवली होती. पुन्हा देऊन पास झाल्याची वेगळी मार्कशीट कपाटात पडून होती. दुरुस्तीला दोन दिवस होते, त्यातला एक रविवार. राम मारुती रोडच्या एका सायबर कॅफेत आम्ही दोघी सहाही सेमिस्टरच्या मार्कशीट ओळीने मांडून बसलो. ज्या सेमिस्टरला केटी होती तिथे दोन्ही कागद, आधी जुना, मग पासाचा, एकाच फाइलमध्ये. तुम्ही हे आजच करून ठेवा. डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला, आणि प्रवर्ग लावणार असाल तर वैधता प्रमाणपत्र आणि चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर, हेही. पसंतीक्रमात पहिलंच कॉलेज लागलं आणि ते घेतलं नाही तर पुढच्या फेऱ्यांचं काय होतं, तो नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचून मगच क्रम लावा.

इथपर्यंत प्रवेशाचं झालं. खरं सांगायचं ते पुढे आहे, आणि ते मला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

सीईटी म्हणजे पर्यायांतून एक निवडणं. दोन तास, चूक उत्तराला गुण कापत नाहीत. ज्याचं वाचन आहे, डोकं चपळ आहे, त्याला ते जमतं. मलाही त्यामुळेच जमलं. नोकरी सोडल्यावर मी रोज ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन वर्तमानपत्रं वाचायचे, आणि इंग्रजीचा सराव रात्रपाळीने करून दिला होता. एलएलबीची परीक्षा मात्र लिहिण्याची आहे. पहिल्या सेमिस्टरला करार कायद्याच्या पेपरात प्रश्न होता, अज्ञानाशी, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी, केलेल्या कराराचा. मला उत्तर येत होतं. मी लिहिलं, "अज्ञान व्यक्तीशी केलेला करार रद्दबातल असतो," आणि त्याखाली चार ओळी. जेमतेम पास झाले. आमच्या एका सरांनी मला बसवून तोच प्रश्न पुन्हा लिहायला लावला. आधी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११, करार करायला कोण पात्र. मग कोणता करार वैध हे सांगणाऱ्या कलम १० शी त्याचा संबंध. मग १९०३ चा मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) निकाल: त्यात अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून पैसे घेतले होते, सावकाराच्या माणसाला त्याचं वय माहीत होतं, आणि कोर्टाने गहाणखत मुळातच निरर्थक ठरवलं. मग कलम ६८, अज्ञानाला जीवनावश्यक गोष्टी पुरवणाऱ्याला त्याच्या मालमत्तेतून पैसे मिळतात ते. शेवटी एक उदाहरण. दोन पानं झाली. सर म्हणाले, "तुला हे सगळं येत होतं. मग कागदावर का नव्हतं?"

त्या प्रश्नाने मला माझे पदवीचे ४६ टक्के कळले. रात्रपाळी खरी होती, थकवा खरा होता. पण बसून लिहिण्याची सवय मला लागलेलीच नव्हती, आणि ते कारण मी रात्रपाळीच्या मागे झाकून ठेवलं होतं. तुमच्या केट्या कशामुळे लागल्या मला माहीत नाही. घरचं काही असेल, नोकरी असेल, कॉमर्सच नकोसं झालं असेल. जे असेल ते स्वतःशी मोकळेपणाने बोला, कारण सहा सेमिस्टर तेच कारण पुन्हा समोर येईल. हजेरीचं तर आणखी कडक आहे, बार कौन्सिलचा नियम ७० टक्क्यांचा आहे. नोकरी सांभाळून शिकणार असाल तर कॉलेजचं वेळापत्रक कॉलेजच्या नावाइतकंच महत्त्वाचं धरा. कळव्याहून ठाणे एक स्टेशन आहे. चर्चगेटला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलून रोजचे अडीच-तीन तास, तेही गर्दीच्या वेळी. एका मोठ्या नावासाठी ते घालवावेत का, यावर माझं मत स्पष्ट आहे: उच्च न्यायालयात किंवा फोर्टच्या मोठ्या फर्ममध्ये जायचं पक्कं असेल तर घालवा, नाहीतर ते तास वाचनाला द्या.

आणि मार्कांचा विषय तिथे संपतो असंही समजू नका. पदवीचे मार्क मला एलएलबीनंतर आजवर एकाही माणसाने विचारलेले नाहीत. पण एलएलबीचे विचारतात, एलएलएमला, फर्ममध्ये, सीनियरकडे जाताना. त्यामुळे पाटी कोरी झालीय ती एकदाच. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर हेही माहीत असू द्या, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे.

कॅपची फेरी सुरू व्हायला अजून दिवस असतील तर एक सकाळ काढा आणि कोर्ट नाक्याला या. न्यायालयं खुली असतात, आत जायला वकील असावं लागत नाही. फोन बंद करून एखाद्या फौजदारी कोर्टात मागच्या बाकावर बसा आणि साक्षीदाराची उलटतपासणी चालली असेल तर पूर्ण ऐका. जबाब, पंचनामा, साक्ष, सगळं आपल्या मराठीत चाललेलं असतं. घरी आल्यावर ऐकलेलं आठवून दोन पानं लिहून बघा, कोणी काय विचारलं आणि साक्षीदार कुठे अडखळला. जमलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा या, आणि पुन्हा लिहा. काही अडलं तर इथेच विचारा, मी संध्याकाळी सातनंतर उत्तर देते.