पिकअप सहसा मरत नाही

वाद्यांच्या दुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न आणि सोलापुरात नवी पेठेत दुरुस्तीचं टेबल चालवणाऱ्या आमच्या लेखिकेची उत्तरं.

प्रश्न : ताई, माझी तीन सिंगल कॉइल पिकअपची इलेक्ट्रिक गिटार चार वर्षं जुनी आहे. हल्ली व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते, आणि वाजवताना जरा वळलो की आवाजच जातो. दुकानदार म्हणतो, पिकअप गेले, सेट बदलायला साडेतीन हजार लागतील. बदलू का?
— कॉलेज विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : थांब. साडेतीन हजार खिशातच राहू देत. तुझ्या दोन तक्रारी दोन वेगळ्या जागच्या आहेत आणि दोन्हींशी पिकअपचा काडीचा संबंध नाही. पिकअप गिटारीच्या तारांचा कंप पकडतो. तो म्हणजे लोहचुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. हलणारा भाग त्यात एकही नाही. मेलाच तर एखादा मरतो, तोही घामाने गंज चढून आतली तार तुटली म्हणून. तिन्ही एकदम गेले असं कुणी सांगितलं, तर त्याने गिटार उघडलेलीच नाही असं समज.

वळल्यावर आवाज जातो, तो जॅकमुळे, म्हणजे केबलची पिन जिथे घालतोस त्या सॉकेटमुळे. पण आधी दुसरी केबल लावून बघ. पुष्कळ गिटारी तिथेच बऱ्या होतात. केबल ठीक असेल तर जॅकची प्लेट काढ. जॅकचं नट ढिलं झालं की प्रत्येक वेळी पिन घालताना अख्खा जॅक आतल्या आत फिरतो. त्याच्या दोन वायरी पिळत जातात आणि शेवटी एक वायर एखाद्या तंतूवर लोंबकळत राहते. इथे लोक हमखास काय करतात, तर बाहेरून पाना लावून नट आवळतात. जॅक आणखी फिरतो आणि उरलेला तंतूही तुटतो. जॅक आतून बोटांनी घट्ट धर, मग नट आवळ. पिनचं टोक पकडणारी वाकडी पट्टी सैल पडली असेल तर केबल काढून ती किंचित आत दाब.

सोल्डर नीट निरखून बघ. चकचकीत आणि वायरीवर पसरलेला असेल तर ठीक. मळकट, दाणेदार, नुसती गोळी ठेवल्यासारखा दिसला तर ड्राय सोल्डर, म्हणजे वायरीला नीट न धरलेला. जुना काढून नवा मार. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या डबीच्या, पाठीवर सोल्डर मारायचा असेल तर २५ वॅटचं आयर्न पुरत नाही, कारण ती पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते. ४० ते ६० वॅटचं घे, पाठ आधी खरवड आणि झटकन उरक. रेंगाळलास तर आतली कार्बनची पट्टी भाजते.

आता खरखर. पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीवरून धातूचा बारीक हात सरकतो. मध्ये धूळ आली की ती तुला स्पीकरमधून ऐकू येते. आपल्या पूर्व भागातून, यंत्रमागाला लागून असलेल्या घरांतून गिटार आली की पॉटच्या खाचेशी सुताची पिंज हमखास सापडते. चिमट्याने ओढली की धाग्यासारखी लांब निघते. ती काढ. मग पॉटच्या तीन पायांजवळ जी फट दिसते तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मार आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसपंचवीस वेळा फिरव. डब्ल्यूडी-४० नको, तो दाराच्या बिजागरीला ठेव.

तरीही खरखर राहिली तर पॉट बदल. सिंगल कॉइलला २५०के (किलोओहम), हंबकरला म्हणजे जोड कॉइलच्या पिकअपला ५००के. पॉटवर 'ए' लिहिलेलं बघून घे. आपल्याकडे स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरून 'बी' हातात पडण्याची शक्यता जास्त. तो व्हॉल्यूमला लावलास तर आवाज खालच्या टोकाला एकदम कोसळेल आणि वरच्या अर्ध्या फेरीत फरकच कळणार नाही. दुकानात जाताना जुनं नॉब बरोबर ने, दांडा जुळला पाहिजे.

आणि पिकअपचा संशय कायमचा जावा म्हणून हे कर. केबल गिटारला लावलेली ठेव, व्हॉल्यूम पूर्ण वर, मल्टिमीटर २०के ओहमवर. केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला मीटरची एक काडी, मागच्या लांब भागाला दुसरी. पिकअप निवडायचा स्विच एकेक घर सरकव. एकट्या सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ किलोओहम दिसले पाहिजेत. दोन पिकअप एकत्र चालतात त्या मधल्या घरांत आकडा जवळजवळ निम्म्यावर येईल, घाबरू नकोस. कुठल्या घरात मीटरने नुसता '१' दाखवला तर तेवढ्या पिकअपचं किंवा त्याच्या वायरीचं बघायचं. मीटर नसेल तर अँप चालू ठेवून स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टिचकी मार. 'टक्' ऐकू आलं की पिकअप जिवंत.

प्रश्न : आमची बेंजो पार्टी आहे. बेंजोच्या पोटातच पिकअप आणि व्हॉल्यूम-टोन बसवून घेतलंय. प्रत्येक मिरवणुकीनंतर गुलालाने बटणं जाम होतात. स्प्रे मारला की आणखी बिघडतं. काय करावं?
— बेंजोवादक, बाळे

उत्तर : स्प्रे मारल्यामुळेच बिघडतं. कोरडा गुलाल झटकून निघतो. ओला झाला की त्याची खळ होते आणि पॉटच्या आत चिकटून बसते. मिरवणूक संपली की आधी झाकण उघडा, रंगाचा मऊ कोरडा ब्रश फिरवा, मग ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. सगळं कोरडं झाल्यावरच क्लीनर. तरी जाम असेल तर पॉट काढून फेका. त्याची किंमत तुमच्या एका चहाच्या फेरीइतकी असते, त्यासाठी तास घालवू नका. पुढच्या वेळी बटणाच्या दांड्यापाशी झाकणाच्या आतून फेल्टची छोटी चकती बसवा. गुलाल तिथूनच शिरतो. आणि पुढच्या मिरवणुकीपर्यंत थांबू नका, प्रत्येक मिरवणुकीनंतर लगेच उघडा.

प्रश्न : माझ्या अकौस्टिक गिटारला बाजूला प्रीअँप (आवाज वाढवणारं सर्किट) आणि ट्यूनर आहे. नऊ व्होल्टची बॅटरी पंधरा दिवसही टिकत नाही. प्रीअँप बदलावा का?
— संगीत शिक्षिका, बार्शी

उत्तर : वाजवून झाल्यावर केबल काढता का? पत्रात तुम्ही लिहिलंय की गिटार वर्गात स्टँडवर "जोडूनच" असते. उत्तर तिथेच आहे.

या गिटारींना वेगळा चालू-बंद स्विच बहुधा नसतो. पिन हाच स्विच. आवाज मोनो असला तरी जॅक मुद्दाम स्टीरिओ बसवलेला असतो आणि त्याच्या जादा पट्टीला बॅटरीची काळी वायर जोडतात. साधी मोनो पिन आत गेली की तिचा मागचा लांब धातू ती पट्टी आणि ग्राउंड एकमेकांना जोडतो, सर्किट पुरं होतं. पिन आत आहे तोवर गिटार वाजो न वाजो, बॅटरी खर्च होत राहते. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. तुमच्या प्रीअँपने दोन मिलिअँपिअर ओढले असं धरा: २५० तास, म्हणजे रात्रंदिवस पिन आत ठेवली तर दहा दिवस. फक्त रोजच्या दोन तासांच्या वर्गापुरती पिन घातलीत तर तीच बॅटरी चार महिने पुरेल.

पिन काढूनही बॅटरी उतरत असेल तर दोन संशयित. ट्यूनर, काही प्रीअँपमध्ये तो पिनशिवायही चालतो आणि मुलं चालू ठेवून जातात. दुसरा, जॅकची ती जादा पट्टी वाकून ग्राउंडला टेकलेली असणं. बॅटरीचं एक टोक सोडवून मध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावा. पिन बाहेर, ट्यूनर बंद, तर आकडा शून्य हवा. प्रीअँप बदलण्याची गोष्ट त्यानंतर. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र बॅटरी काढूनच ठेवा.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, गिटार शिकते. तिला आतच आवाज बदलणारे इफेक्ट, ब्लूटूथ आणि चार्जिंगची बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. इतकं सगळं आत असलेली वस्तू टिकते का? उद्या बिघडली तर सोलापुरात दुरुस्त होईल?
— एक पालक, होटगी रोड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बहुतेक नाही. पहिल्याचं जरा सविस्तर.

गिटारीच्या पोटात सगळं घालायची हौस नवी नाही. १९६०च्या दशकात व्हॉक्स या इंग्लिश कंपनीने फझ, वा-वा असले इफेक्ट लाकडातच बसवून पाहिले. २००७ मध्ये गिब्सनने खुंट्यांना मोटरी लावून आपोआप सुरात येणारी गिटार आणली. २०१५ मध्ये तसलीच यंत्रणा आपल्या बहुतेक मॉडेलांवर चढवली. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि पुढच्याच वर्षी साध्या खुंट्यांची गिटार पुन्हा मिळू लागली. आता दुसरीकडे बघा. फेंडरची टेलिकास्टर १९५०च्या सुमाराची. दोन पिकअप, दोन पॉट, एक स्विच, एक जॅक, वर कॅपॅसिटर. तिच्यातलं काहीही गेलं तरी आज नवं मिळतं, आणि सोल्डर मारता येणारा कुणीही ते बसवतो. लाकूड पन्नास वर्षं चालतं, आतली चिप मात्र कंपनीने तो बोर्ड बनवायचं थांबवलं की संपली.

सगळंच आतलं इलेक्ट्रॉनिक्स कच्चं असतं, असं नव्हे. रेझिनमध्ये बुडवलेले अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे पिकअप घामाला, धक्क्याला दाद देत नाहीत आणि वर्षानुवर्षं चालतात. पण एकदा गेले की मला तो दगड उघडता येत नाही, अख्खा बदलावाच लागतो. तरी तो माप ठरलेला सुटा भाग आहे, दुसरा मिळतो. तुम्ही म्हणता त्या गिटारीत मात्र इफेक्टचा बोर्ड त्याच मॉडेलचा, चार्जिंगचं सॉकेट बोर्डालाच जोडलेलं. पोरांच्या हातून सर्वांत आधी तेच सॉकेट हलतं.

तरी घ्यायचीच असेल तर दुकानात हे करून बघा. बॅटरी पूर्ण उतरलेली किंवा गिटार बंद असताना साधी केबल लावली तर आवाज येतो का? येत नसेल तर तिथेच विषय संपला. ऐन कार्यक्रमात मुलगी नुसती उभी राहील. मागची प्लेट स्क्रूने उघडते का, बॅटरी कनेक्टरवर आहे की बोर्डाला सोल्डर केलेली, तेही उघडून दाखवायला सांगा. उघडून दाखवायला का-कू करणाऱ्याकडून घेऊ नका. आणि आपल्या गावात मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो. लिथियमची बॅटरी असलेली गिटार उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवायची नाही, फुगते.

माझं मत विचाराल तर त्याच पैशांत साधी, नीट बनवलेली गिटार आणि वेगळा छोटा मल्टिइफेक्ट घ्या. इफेक्ट बिघडला तर तो एकटाच दुरुस्तीला जाईल, मुलीचा रियाज चालू राहील. मुलगी रुसेल दोन दिवस.

प्रश्न : गणपतीच्या मंडपात गिटार वाजवताना माइकला ओठ लागले की झटका बसतो. एका मित्राने सांगितलं, गिटारीतली ब्रिजला (तारा टेकतात त्या धातूच्या भागाला) जाणारी अर्थ वायर कापून टाक. कापू का?
— मंडळाचा कार्यकर्ता, बाळीवेस

उत्तर : अजिबात नाही. वायर कापलीत तर घूं-घूं वाढेल, आणि जॅक, धातूची बटणं, पिन तशीच ग्राउंडला जोडलेली राहतील. बिघाड गिटारीत नाही, मंडपाच्या वीजजोडणीत आहे. अँप एका बोर्डावर, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या, आणि कुठे तरी कुणी तरी प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात कोंबलेली असते. झटका लागेल तितका असेल तर तो जीवही घेऊ शकतो. ओल्या जमिनीवर, अनवाणी, तर नक्कीच.

आज संध्याकाळी वाजवण्याआधी मीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजला लावा. एक काडी गिटारीच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला. हात धातूला लावू नका. चार-पाच व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल काढून गिटार खाली ठेवा. मग अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, तिसरी पिन शाबूत असलेले प्लग लावा, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा स्विच) बसवायला सांगा. माइकवर स्पंजची टोपी घालून वेळ मारून नेऊ नका. पुन्हा मोजा. आकडा खाली येईपर्यंत ढोलकीवाल्याला पुढे करा.